आयएसओ २७००१ सर्टिफिकेटसाठी कंपनीत कोणता अँटिव्हायरस घ्यावा आणि तो कसा बसवावा?

तुमची साठेक माणसांची कंपनी, बहुतेकांकडे विंडोज लॅपटॉप, थोडी मॅकबुक, क्लाउडवर दोन-चार लिनक्स सर्व्हर. आता परदेशी ग्राहकाने आयएसओ २७००१, म्हणजे माहितीच्या सुरक्षेच्या मानकाचं सर्टिफिकेट, मागितलंय आणि कोणता अँटिव्हायरस घेतला की ऑडिटर पास करेल, हे तुम्हाला हवंय. मी अशाच मध्यम कंपन्यांचं आयटी सांभाळतो, ऑडिटच्या दिवशी ऑडिटरशेजारी बसून स्क्रीन दाखवायचं काम माझ्याकडेच असतं. ब्रँडवरून कुणाला नापास केलेलं मी तरी पाहिलेलं नाही. पुण्याचा सेक्राइट घ्या, मायक्रोसॉफ्टचा डिफेंडर घ्या, सगळी मशीन एका कन्सोलवर, म्हणजे अँटिव्हायरसच्या मध्यवर्ती स्क्रीनवर, दिसली पाहिजेत. दुकानातून आणलेली घरगुती लायसन्सं मात्र नकोत. साठ मशीनचा रिपोर्ट त्यातून काढणार कसा?

मानकाच्या २०२२ च्या आवृत्तीत ९३ कंट्रोल, म्हणजे सुरक्षेचे उपाय, आहेत, त्यातलं ८.७ मालवेअरचं. मागणी छोटीशी आहे: संरक्षण असावं आणि कर्मचाऱ्यांना त्याची जाण असावी. तुमच्या कन्सल्टंटच्या चेकलिस्टमध्ये अजून ए.१२.२.१ लिहिलेलं असेल तर ती २०१३ ची आहे, त्याला नवी मागा.

खरी गंमत आकड्यांची. ऑडिटर आधी ॲसेट रजिस्टर, म्हणजे कंपनीच्या मशीनची यादी, उघडायला सांगतो, मग कन्सोल. रजिस्टरमध्ये ६४ लॅपटॉप आणि कन्सोलवर ५८ दिसले की पुढचा तास त्या सहांचाच. एक राजीनामा दिलेल्या माणसाचा, एचआरच्या कपाटात पडलेला. एक डेव्हलपरने परस्पर फॉरमॅट मारलेला. एक दुसऱ्या लॅपटॉपवरून जसाच्या तसा क्लोन केलेला, त्यामुळे एजंटचा (मशीनवर बसवलेल्या अँटिव्हायरस प्रोग्रॅमचा) आयडी सारखा आणि कन्सोलवर दोघांचं मिळून एकच मशीन. उरलेले ‘डेस्कटॉप’ आणि पुढे काहीतरी अक्षरं अशा नावांचे, कुणाचे ते कुणालाच माहीत नाही. म्हणून लायसन्सच्या कोटेशनआधी ॲसेट टॅग आणि मशीनची नावं सरळ करून घ्या. दर महिन्याला दोन्ही याद्या ताडून पाहिल्याची नोंदही ठेवा. कन्सोलवर ‘शेवटचा संपर्क चाळीस दिवसांपूर्वी’ असं दिसणारं मशीनही बेपत्ताच धरलं जातं, हे लक्षात असू द्या.

मग ऑडिटर यादीतून स्वतःच दोन-तीन लॅपटॉप निवडतो. ‘खाली त्या आयकॉनवर राइट क्लिक करा बरं.’ तिथे संरक्षण बंद करायचा पर्याय चालू दिसला की झाली नोंद. टॅम्पर प्रोटेक्शन, म्हणजे अँटिव्हायरस कुणाला बंद करू न देणारी सेटिंग, चालू ठेवा आणि लोकांचे लोकल ॲडमिन हक्क काढा. यावर सगळ्यात मोठा आरडाओरडा डेव्हलपर करतील, की बिल्ड हळू होतंय. त्यांचं पूर्ण खोटं नसतं. पण त्यांची कटकट मिटावी म्हणून अख्खा सी ड्राइव्ह स्कॅनमधून वगळलेला मी पाहिलाय! एक्स्क्लूजन, म्हणजे स्कॅनमधून सूट, नेमक्या फोल्डरचं द्या, कुणी मागितलं, कुणी मंजूर केलं आणि कधीपर्यंत हे तिकिटात लिहा. एसक्यूएल सर्व्हरच्या एमडीएफ-एलडीएफ, म्हणजे डेटाबेसच्या, फाइली वगळणं रास्तच आहे, फक्त कारण कागदावर हवं.

‘लिनक्सला व्हायरस लागत नाही’ हे तोंडी उत्तर चालत नाही. एजंट बसवा, नाहीतर एजंटची गरज का नाही आणि त्याऐवजी काय केलंय हे जोखीम मूल्यांकनात लिहा. विंडोज सर्व्हर असेल आणि त्यावर दुसऱ्या कंपनीचा अँटिव्हायरस टाकलात, तर तिथे डिफेंडर लॅपटॉपसारखा आपोआप बाजूला होत नाही. दोघे एकाच वेळी स्कॅन करत बसतात आणि लोक हार्डवेअरला शिव्या देतात.

अलर्टचं काय झालं, हा प्रश्न शंभर टक्के येणार. आयकार नावाची ६८ अक्षरांची निरुपद्रवी चाचणी फाइल असते. ती एका लॅपटॉपवर टाका आणि अँटिव्हायरसने पकडली, मेल आला, तिकीट उघडलं, कुणीतरी बघून बंद केलं, इथपर्यंतचा सगळा माग आधीच काढून ठेवा. बऱ्याच ठिकाणी अलर्टचे मेल नोकरी सोडून गेलेल्या ॲडमिनच्या मेलबॉक्समध्ये जात असतात, ते याच वेळी उघडं पडतं. पकडलेल्या आणि कुणीच न पाहिलेल्या व्हायरसपेक्षा एकही न पकडणारा कन्सोल परवडला, असं त्या खोलीत बसल्यावर वाटतं.

लॉगबद्दल भारतात एक जादा बंधन आहे. सर्ट-इन या सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार लॉग १८० दिवस जपायचे आणि ठरावीक प्रकारची सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवायची. कायदेशीर बंधनांचं कंट्रोल ५.३१ आहे, त्यामुळे ऑडिटर हे विचारू शकतो. घ्यायच्या आधी व्हेंडरला विचारा की कन्सोल लॉग किती दिवस ठेवतो. कमी असेल तर बाहेर काढून साठवायची सोय लावा.

विंडोज १० वरची मशीन अजून असतील तर तीही आत्ताच हलवा. त्याचा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि अँटिव्हायरस कितीही भारी घेतला तरी पॅचची जागा तो घेत नाही.

मॅकबुकचं शेवटी सांगतो, कारण डेमोत ते कुणी दाखवत नाही. तिथे एजंटला ‘फुल डिस्क ॲक्सेस’ ही परवानगी वेगळी द्यावी लागते. ती नसेल तर एजंट बसलेला दिसतो, पण बऱ्याच फाइलींपर्यंत तो पोचतच नाही. एमडीएम, म्हणजे सगळी मशीन एका जागेवरून सांभाळायचं सॉफ्टवेअर, असेल तर सगळ्यांना एकदम देता येते. नसेल तर प्रत्येक मॅकवर बसून हाताने द्या, आणि मगच त्या मॅकसमोर रजिस्टरमध्ये टिक करा.