वस्तीतल्या मुलांना आणि त्यांच्या घरच्यांना मेंदूविषयी कसं सांगावं? (सोलापूर)

तुम्ही लिहिलंय की नर्सिंगच्या मैत्रिणींना घेऊन शहराच्या तेलुगू बोलणाऱ्या पूर्व भागात मेंदूवर कार्यक्रम करायचाय, पण प्रोजेक्टर नाही आणि मॉडेलला पैसे नाहीत. मॉडेल नाही ते बरंच आहे. मी इथं असे कार्यक्रम करत आलेय. प्लास्टिकचा मेंदू समोर ठेवला की पोरं त्याचे तुकडे काढण्या-बसवण्यातच रमतात. त्यापेक्षा त्यांना स्वतःचाच मेंदू रंगेहाथ पकडू द्या.

त्यासाठी लागणारं साहित्य सोलापूरकडे फुकट आहे: लिप्या. फळ्यावर ‘लाल’ हा शब्द हिरव्या खडूनं लिहा, ‘पिवळा’ निळ्या खडूनं. शब्द वाचायचा नाही, खडूचा रंग सांगायचा. मराठी शाळेतली पोरं हमखास अडखळतात. मग तेच शब्द कुणाकडून तरी तेलुगूत लिहून घ्या. आता तेलुगू शाळेतली अडखळतात आणि ज्यांना ती लिपी येत नाही ती धडाधड रंग सांगतात. खरी गंमत घरी तेलुगू बोलणाऱ्या, पण मराठी शाळेत जाणाऱ्या पोरांची. भाषा येते, अक्षर येत नाही, म्हणून तीही सुसाट! एकदा वाचायला शिकलेल्या मेंदूला वाचन थांबवता येत नाही, हे मग सांगावं लागत नाही. (प्रयोग १९३५ सालचा, स्ट्रूप या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाचा. नाव नाही सांगितलं तरी चालतं.)

दुसरा पट्टीचा. ३० सेंटीमीटरची पट्टी एकानं वरून सोडायची, दुसऱ्यानं खाली दोन बोटांत पकडायची. २० सेंटीमीटरवर सापडली तर डोळा-मेंदू-हात या फेरीला साधारण ०.२ सेकंद लागले. ताशी ६०च्या वेगात तेवढ्यात मोटारसायकल तीन मीटरहून जास्त पुढे गेलेली असते. होटगी रोडवर भरधाव जाणारे काका-मामा पोरांना लगेच आठवतात. हेल्मेटचं तिथंच बोलून घ्या.

आयांना शाळेत बोलावू नका. त्यांचा रोजगार बुडतो. विड्या वळत असतील तिथंच जाऊन बसा. मांडीवर सूप, तोंडानं गप्पा, आणि बोटं न बघता पान वळतायत. “कसं वळता ते शब्दांत सांगा बरं,” म्हटलं की सगळ्या हसतात, कुणालाच धड सांगता येत नाही. बोटांची आठवण वेगळी, सांगायची आठवण वेगळी, हे त्यांच्याच हातावर दाखवता येतं.

‘डोळे बांधून वाचायला शिकवतात, तो मिडब्रेनचा क्लास लावू का?’ असं कुणीतरी विचारणारच. सरळ नाही म्हणा. मध्यमेंदू जन्मापासून चालूच असतो, आणि पोरं वाचतात ती नाकाजवळच्या फटीतून.

निम्मा वेळ मात्र फिटसाठी राखून ठेवा. घरोघरी चुकीचं होतं ते इथंच. चप्पल हुंगवणं, कांदा लावणं, मुठीत किल्ल्या देणं, यातल्या कशानंही फिट थांबत नाही. बहुतेक वेळा ती दोन-तीन मिनिटांत आपोआप थांबते, म्हणून श्रेय चपलेला मिळतं. माणसाला कुशीवर वळवा, डोक्याखाली मऊ काही ठेवा, तोंडात चमचा किंवा पाणी घालू नका, घड्याळ बघा. पाच मिनिटांवर गेली तर थेट दवाखाना. पहिल्यांदाच आली असेल तर थांबली तरी डॉक्टरांना दाखवायचंच. मुलीचं लग्न ठरताना गोळ्या लपवल्या जातात आणि मग बंद होतात, हेही स्पष्ट बोला. ऐकून बायका गप्प होतात, पण नंतर एखादी बाजूला घेऊन विचारते.

लकव्याचं थोडक्यात: तोंड वाकडं, हात लुळा, बोलणं अडखळतं, यातलं एक जरी अचानक झालं तरी मालिश करत बसू नका. मेंदूतली रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन सहसा साडेचार तासांच्या आतच देता येतं, तेही सीटी स्कॅन झाल्यावर.

तेलुगू बोलणारी मैत्रीण असेल तर हा भाग तिलाच सांगू द्या. आज्यांना मराठी समजतं, पण अवघड प्रश्न त्या तेलुगूतच विचारतात.