फॉरमॅट मारण्याआधी : लिनक्सबद्दल वाचकांचे प्रश्न

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० ला मिळणारे नेहमीचे मोफत अपडेट थांबले. ज्या मशीनमध्ये टीपीएम २.० ही सुरक्षेची व्यवस्था नाही त्यांना विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही. म्हणून इंदूरमधल्या आपल्या बऱ्याच मंडळींनी धडधाकट जुन्या कॉम्प्युटरवर विंडोजऐवजी लिनक्स ही मोफत ऑपरेटिंग सिस्टीम टाकून घेतली आणि त्यापाठोपाठ प्रश्नही आले. उत्तरांआधी एक विनंती. मशीन अडलं की स्क्रीनवर जे लिहून येतं त्याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. मशीन सुरू न होणं वेगळं आणि फायली जाणं वेगळं, हे मनाशी पक्कं धरा. बहुतेक वेळा फायली जागच्या जागी असतात.

सियागंजात आमचं ठोक किराणा दुकान आहे. पावसात लाइट गेली, आली, आणि तेव्हापासून कॉम्प्युटर काळ्या पडद्यावर कंसात ‘इनिटरॅमएफएस’ असं दाखवून थांबतो. दुरुस्तीवाला म्हणतो, फॉरमॅट करावं लागेल. सगळा हिशेब त्यातच आहे. काय करावं?

फॉरमॅट अजिबात करू देऊ नका. इनिटरॅमएफएस ही सुरुवातीला मेमरीत चढणारी छोटी तात्पुरती व्यवस्था. खरी डिस्क शोधून तिच्या हाती कारभार सोपवायचा, एवढंच तिचं काम. तुमच्या मशीनला डिस्कच्या नोंदींमध्ये विसंगती दिसली. आपल्या मनानं दुरुस्ती केली तर नुकसान होऊ शकतं, म्हणून ते थांबलं आहे आणि तुम्हाला विचारतं आहे.

तिथे ‘एक्झिट’ टाइप करून एंटर दाबा. बहुधा कोणत्या पार्टिशनची, म्हणजे डिस्कच्या कोणत्या भागाची, तक्रार आहे ते नावानिशी पुन्हा लिहून येईल, उदाहरणार्थ ‘डेव्ह’ आणि ‘एसडीए२’, दोन्हींच्या आधी तिरपी रेघ. आता नीट बघा. त्या ओळींत ‘इनपुट/आउटपुट एरर’ असे शब्द असतील किंवा डिस्कमधून टकटक आवाज येत असेल, तर डिस्कच खराब होत चालली आहे. मग दुरुस्तीची कमांड देऊ नका. लिनक्सचा लाइव्ह पेनड्राइव्ह (डिस्कवर काही न बसवता ज्यावरूनच लिनक्स चालतं असा) लावून मशीन त्यावरून सुरू करा आणि हिशेबाच्या फायली आधी बाहेरच्या डिस्कवर उतरवा. तसं काही नसेल तर एफ-एस-सी-के ही चार अक्षरं, जागा, वजा चिन्ह आणि त्याला चिकटून वाय, पुन्हा जागा, मग ते पार्टिशनचं नाव, असं लिहून एंटर मारा. तपासणी संपली की ‘रीबूट’. नुसती लाइट गेल्यामुळे झालेला बिघाड असेल तर बहुतेक वेळा एवढ्यात मशीन उभं राहतं.

हे का होतं, तेही सांगतो. लिनक्सची नेहमीची फाइल सिस्टीम, ईएक्सटी४, डिस्कच्या मांडणीतला प्रत्येक फेरबदल आधी एका जर्नलमध्ये लिहिते. तुम्ही रोजमेळ लिहून मग खतावणी करता तसं. त्यामुळे लाइट गेली तरी डिस्कची मांडणी सहसा सावरते. पण नेहमीच्या सेटिंगमध्ये जर्नलात फक्त मांडणीच्या नोंदी असतात, फायलीतला मजकूर नसतो. लाइट गेली त्या क्षणी जे बिल अर्धवट लिहिलं जात होतं, ते जाऊ शकतं. म्हणून दुकानात यूपीएस हवाच. शिवाय रोज संध्याकाळी हिशेबाची एक प्रत पेनड्राइव्हवर घ्या आणि तो पेनड्राइव्ह घरी न्या.

भंवरकुआँला खोली घेऊन शिकतो. लॅपटॉपवर विंडोज आणि उबंटू लिनक्स दोन्ही आहेत. विंडोजचं मोठं अपडेट झालं आणि उबंटू निवडण्याचा मेनूच गेला. आधीपासून दोन त्रास आहेतच: विंडोजमधलं घड्याळ मागे पडतं, आणि डी ड्राइव्हवर उबंटूतून काही सेव्ह होत नाही.

उबंटू बहुतेक शाबूत आहे. यूईएफआय पद्धतीनं सुरू होणाऱ्या नव्या लॅपटॉपमध्ये विंडोज आणि लिनक्स दोघांचे बूटलोडर, म्हणजे सिस्टीम सुरू करून देणारे छोटे प्रोग्रॅम, शेजारी शेजारी राहतात. अपडेटनंतर विंडोज स्वतःला रांगेत पहिलं बसवतं, इतकंच. मशीन चालू करताना एफ२, एफ१२ किंवा एस्केप (कंपनीप्रमाणे की बदलते) दाबून बूट ऑर्डरमध्ये जा आणि ‘उबंटू’ वर घ्या. बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्कला लागणारं कुलूप, चालू असेल तर त्याची रिकव्हरी की आधी लिहून घ्या. असे बदल केल्यावर विंडोज ती मागू शकतं आणि ती नसेल तर विंडोजकडचा डेटा खरोखरच अडकतो.

घड्याळ नेमकं साडेपाच तासांनी मागे पडत असणार. विंडोज मदरबोर्डच्या घड्याळात स्थानिक वेळ आहे असं धरतं, तर लिनक्स तिथे यूटीसी ही जागतिक प्रमाणवेळ ठेवतं, आणि भारतीय वेळ तिच्या साडेपाच तास पुढे आहे. उबंटूच्या टर्मिनलमध्ये ‘टाइमडेटसीटीएल’ला ‘सेट-लोकल-आरटीसी १’ सांगितलं की दोघांचं जुळतं. डी ड्राइव्हचं कारण विंडोजचं ‘फास्ट स्टार्टअप’. ते चालू असलं की शटडाउन केल्यावरही विंडोज अर्धवट झोपलेलंच असतं. त्याच्या ड्राइव्हवर लिहिणं धोक्याचं, म्हणून लिनक्स फक्त वाचू देतं. कंट्रोल पॅनलच्या पॉवर ऑप्शन्समध्ये जाऊन ते बंद करा.

जुनी हार्ड डिस्क काढून टाकल्यापासून मशीन सुरू होताना दीड मिनिट थांबतं. — लोकमान्यनगर

सुरू होताना कोणत्या डिस्क जोडायच्या त्याची यादी असलेल्या ‘एफएसटॅब’ फायलीत काढलेल्या डिस्कची नोंद राहिली आहे. मशीन सुरू करून देणारं सिस्टीमडी ९० सेकंद त्या डिस्कची वाट बघतं आणि मग नाद सोडतं. फायलीची प्रत ठेवा आणि त्या ओळीच्या सुरुवातीला हॅशचं चिन्ह लावा.

सुदामानगरात राहते, निवृत्त शिक्षिका आहे. मुलानं पुण्याहून येऊन फेडोरा लिनक्स बसवून दिलं. खिडकी खाली लपवायचं बटणच नाही, डेस्कटॉपवर काही ठेवता येत नाही, अक्षरं बारीक. मराठीत ‘दुसऱ्या’ लिहिता येत नाही आणि माझे जुने लेख उघडले तर इंग्रजी अक्षरांचा नुसता काला दिसतो. मुलगा म्हणतो, आई, सवय होईल. वयामुळे मला जमत नाही का?

नाही, बाई. तुमचं वय मध्ये आणायचं काहीच कारण नाही. फेडोराचा नेहमीचा डेस्कटॉप, म्हणजे खिडक्या आणि मेनू दाखवणारी मांडणी, ग्नोम आहे. २०११ साली त्याची तिसरी आवृत्ती आली तेव्हा मिनिमाइझचं बटण आणि डेस्कटॉपवरची चिन्हं काढून टाकली गेली. त्यावर जगभरातून ओरड झाली. लिनक्सचा कर्नल, म्हणजे गाभा, ज्यांनी १९९१ मध्ये सुरू केला त्या लिनस टॉरवाल्ड्स यांनीही जाहीर नाराजी दाखवली आणि काही काळ ते एक्सएफसीई हा दुसरा डेस्कटॉप वापरू लागले. अर्जेंटिनातल्या एका वापरकर्त्यानं जुना ग्नोम ‘माटे’ या नावानं जिवंत ठेवला. लिनक्स मिंट या लिनक्सच्याच आणखी एका प्रकाराच्या लोकांनी याच नाराजीतून सिनॅमन डेस्कटॉप बनवला. तुमची तक्रार इतक्या जाणत्या लोकांची आहे. रोजच्या कामाचं बटण लपवायचं आणि वापरणाऱ्याला सवय करून घ्यायला सांगायचं, हे मला पटत नाही.

आज करण्यासारखं: सेटिंग्जमध्ये ‘ॲक्सेसिबिलिटी’ खाली ‘लार्ज टेक्स्ट’ चालू करा, अक्षरं लगेच मोठी होतील. ‘ट्वीक्स’ नावाचं छोटं ॲप टाकून घेतलं की टायटलबारच्या बटणांत मिनिमाइझ परत आणता येतं. पण मला विचाराल तर मुलगा पुढच्या खेपेला आला की लिनक्स मिंट सिनॅमन बसवून घ्या. खाली पट्टी, डाव्या कोपऱ्यात मेनू, डेस्कटॉपवर फायली, सगळं ओळखीचं. आधी पेनड्राइव्हवरून चालवून बघा, त्यासाठी काही पुसावं लागत नाही.

मराठीसाठी कीबोर्डच्या यादीत इन्स्क्रिप्ट ही मांडणी घ्या. त्यात ‘दुसऱ्या’मधला ऱ मिळवायला शिफ्ट धरून जे, मग हलन्तासाठी डी, मग य, जो तिरप्या रेघेच्या कीवर आहे. ळ शिफ्ट-एनवर सापडेल. बोटं आठवडाभर अडखळतील, मग मराठी बिनचूक उमटेल, कारण मांडणी देवनागरीसाठीच केलेली आहे. इंग्रजी स्पेलिंगनं लिहायची सवय असेल तर आयबस या टायपिंगच्या सोयीतली उच्चारानुसार लिहिण्याची पद्धतही चालेल.

जुने लेख गेलेले नाहीत. ते कृतिदेव किंवा श्रीलिपीसारख्या युनिकोडपूर्व, म्हणजे आजच्या सगळीकडे चालणाऱ्या अक्षरपद्धतीच्या आधीच्या, फॉन्टमध्ये टाइप केलेले असणार. त्या फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरीची चित्रं बसवलेली असत, म्हणून फॉन्ट नसला की खालची इंग्रजी अक्षरं उघडी पडतात. जुन्या मशीनवरून तोच फॉन्ट आणून बसवला की लेख वाचता येतील. पण तेवढ्यावर थांबू नका. कन्व्हर्टर वापरून ते युनिकोडमध्ये बदलून घ्या आणि मूळ फायलीही ठेवा. बदलताना जोडाक्षरं आणि रफार चुकतात, त्यामुळे प्रत्येक लेख एकदा डोळ्यांखालून घालावा लागेल.

अपडेटनंतर स्क्रीन पूर्ण काळी. ग्राफिक्स कार्ड एनव्हीडियाचं, सिस्टीम उबंटू. त्याआधी एक निळी पाटी आली होती, ती मी ‘कंटिन्यू’ करून घालवली.

ती निळी पाटी महत्त्वाची होती. सिक्युअर बूट (अनोळखी सॉफ्टवेअर सुरू होऊ न देणारी सोय) चालू असताना बाहेरचा ड्रायव्हर चढवायला तुमची संमती लागते आणि ती तिथेच घेतली जाते. पुढच्या वेळी तिथे ‘एनरोल मॉक’ निवडा आणि ड्रायव्हर टाकताना ठरवलेला पासवर्ड द्या. सध्या मशीन सुरू होताना एस्केप दाबून ‘ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स’मधून आधीचा कर्नल निवडा. उबंटू तो याचसाठी जपून ठेवतं. तोही काळाच राहिला तर मेनूत त्या ओळीवर ई दाबा, ‘लिनक्स’नं सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी ‘नोमोडसेट’ जोडा आणि एफ१० दाबा. चित्र साधं दिसेल, पण आत जाता येईल. आत गेल्यावर ‘ॲडिशनल ड्रायव्हर्स’मधून शिफारस केलेला ड्रायव्हर पुन्हा बसवा. नोमोडसेट त्या एका वेळेपुरतंच लागू होतं, ते काढण्यासाठी वेगळं काही करावं लागत नाही.