आधी बटणं की आधी परिच्छेद?

तुम्ही लिहिलंय की गेले तीन महिने सी प्लस प्लसमध्ये स्वतःचं टूलकिट (विंडो, बटणं वगैरे पुरवणारा कोडसंच) लिहिताय. बटणं, स्लायडर, मेनू, दोन थीम झाल्या आहेत. ते पूर्ण झालं की त्यावर ब्राउझर इंजिन, म्हणजे वेबपान वाचून पडद्यावर मांडणारा भाग, उभं करायचंय. मुख्य प्रश्न तीन: हा क्रम बरोबर आहे का, वेबपानातल्या फॉर्मसाठी हीच बटणं वापरावीत का, आणि जावास्क्रिप्टला हात कधी घालावा. नोकरी सांभाळून मी आठ वर्षं हेच काम करतोय, म्हणून सविस्तर लिहितो.

क्रम बदला. विजेट (बटण, स्लायडर असे घटक) इथेच थांबवा आणि उद्यापासून इंजिनाला लागा. टूलकिट कधी ‘पूर्ण’ होत नाही, आणि इंजिनाला त्यातलं फार थोडं लागतं: एक विंडो, पिक्सेल रंगवायला जागा, माउस-कीबोर्डचे इव्हेंट, टायमर, पत्ता लिहायला एक टेक्स्ट बॉक्स. एवढ्यावर भागतं. फक्त एक गोष्ट आत्ताच चोख करून घ्या, ती म्हणजे विंडोचा नेमका कोणता भाग पुन्हा रंगवायचा याचा हिशेब. माझ्याकडे टेक्स्ट बॉक्समधला कर्सर अर्ध्या सेकंदाला लुकलुकायचा आणि दर वेळी पूर्ण विंडो नव्याने रंगवली जायची. नुसती बटणं होती तोवर काहीच जाणवलं नाही. खाली लांबलचक वेबपान आलं आणि काही न करता पंखा गरगरू लागला. ‘हा एवढा आयत खराब झालाय’ हे प्रत्येक विजेटने वर कळवायचं आणि तेवढंच रंगवायचं, ही सोय पायात असावी लागते. नंतर घालताना मला जवळपास प्रत्येक विजेट उघडावं लागलं.

आता खरं काम, म्हणजे मजकूर. ब्राउझर म्हणजे मुळात मजकूर ओळींत मोडून मांडणारं यंत्र आहे, आणि माझा सगळ्यात जास्त वेळ तिथेच गेला. सुरुवातीला मी प्रत्येक अक्षराची रुंदी पूर्ण पिक्सेलमध्ये गोल करून बेरीज करत होतो. छोट्या ओळीत ठीक दिसायचं. लांब ओळीच्या शेवटी क्लिक केलं की कर्सर दोन अक्षरं अलीकडे उभा! प्रत्येक अक्षरामागे पिक्सेलचा लहानसा तुकडा गळत होता आणि ओळभर साचत होता. फायरफॉक्सचं इंजिन गेको पिक्सेलचे 60 भाग करून मोजतं, सफारीचं वेबकिट आणि क्रोमचं ब्लिंक 64 भाग करतात, ते याचसाठी. पहिल्या दिवसापासून तसंच एखादं एकक घ्या.

आणि तपासायला देवनागरी घ्या, इंग्रजी नको. ‘कि’ घ्या. मेमरीत आधी क, मग ऱ्हस्व इकार; पडद्यावर इकार आधी. म्हणजे ‘एक कोड पॉइंट (मेमरीतला अक्षराचा क्रमांक), एक ग्लिफ (पडद्यावरचा आकार), डावीकडून उजवीकडे’ हे गृहीतक पहिल्याच शब्दात कोसळतं. मग ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ शेजारी शेजारी छापून बघा. एकात रफार यच्या डोक्यावर चढतो, दुसऱ्यात रचा अर्धा आकार यच्या आधी बसतो. दोन्ही बरोबर उमटले, माउसने निवडताना जोडाक्षर मधूनच तुटलं नाही, की मगच पुढे जा. हे शेपिंग, म्हणजे अक्षरांचे योग्य आकार निवडून जागेवर बसवणं, मात्र स्वतः लिहू नका, हार्फबझ ही तयार लायब्ररी वापरा. ‘सगळं शून्यापासून’ हा तुमचा हट्ट मला मनापासून समजतो, माझाही होता. पण शून्यापासून लिहिलेल्या लेडीबर्ड ब्राउझरचं उदाहरण बघा. तो ज्या सेरेनिटीओएस या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये सुरू झाला, तिथे बाहेरची लायब्ररी घ्यायची नाही असा दंडक होता. 2024मध्ये लेडीबर्ड वेगळा झाला आणि त्यानंतर त्यांनी हार्फबझ आणि चित्र रंगवणारी स्किया लायब्ररी घेतली. इंजिन तरीही त्यांचंच आहे. टीएलएस (जोडणी सुरक्षित करणारं एन्क्रिप्शन) स्वतः न लिहिण्याबद्दल तर मी चर्चाही करणार नाही. तिथली चूक वापरणाऱ्याला भोवते.

पार्सर (एचटीएमएल वाचून त्याची रचना ओळखणारा भाग) लिहिताना अंदाज करू नका. समजा बी (ठळक) टॅग उघडला, त्यात आय (तिरका) उघडला, आणि आयच्या आधी बी बंद केला. पुढचा मजकूर तिरका राहायला हवा, पण ठळक नाही. म्हणजे आयची एक प्रत बीच्या बाहेर नव्याने उघडावी लागते. मी यासाठी स्वतःची युक्ती लढवली होती, ती पुढच्याच पानावर फसली. एचटीएमएलच्या प्रमाणग्रंथात हे सगळं पायरी-पायरीने लिहिलंय. मजकुराचे टॅग आणि शब्द असे तुकडे पाडणाऱ्या टोकनायझरच्याच 80 अवस्था आहेत. त्या तशाच्या तशा, त्याच नावांनी कोडमध्ये उतरवा. कंटाळवाणं आहे, पण तेवढ्याने तुटक्यामुटक्या एचटीएमएलचीही पानं नीट उघडू लागतात, आणि तो आनंद मी अजून विसरलेलो नाही.

लेआउटमध्ये, म्हणजे पानावर काय कुठे बसेल या हिशेबात, एक गोष्ट तुम्हाला नक्की छळेल. चित्राखाली चार-पाच पिक्सेलची फट दिसेल आणि आपलंच गणित चुकलं असं वाटेल. चुकलेलं नसतं. चित्र ओळीत अक्षरासारखं बसतं, त्याचा तळ बेसलाइनवर (अक्षरं जिच्यावर उभी असतात त्या रेषेवर) टेकतो, आणि खालची जागा अक्षरांच्या खाली उतरणाऱ्या भागासाठी राखलेली असते. मी ती फट ‘दुरुस्त’ करण्यात दोन रविवार घालवले.

फॉर्मसाठी टूलकिटची बटणं वापरू नका. पानातल्या बटणाला सीएसएस (पानाच्या रूपाचे नियम) लागू होतं, ते दुसऱ्या घटकाखाली झाकलं जातं, तिरकं फिरवलं जातं. इंटरनेट एक्सप्लोरर 6मध्ये निवडयादी ही स्वतंत्र विंडो होती, त्यामुळे पानावरचा कुठलाही तरंगता मेनू तिच्याखाली जायचा आणि वेबवाले वर्षानुवर्षं त्यावर उपाय करत बसले. बटण म्हणजे इंजिनासाठी आणखी एक चौकट, असंच धरा. टूलकिटचं लेआउट आणि पानाचं लेआउट एक करण्याचा मोहही टाळा; मी एक केलं होतं, आणि सीएसएसच्या प्रत्येक नव्या नियमाबरोबर माझे मेनू हलायचे.

जावास्क्रिप्ट शेवटी. आधी क्विकजेएससारखं तयार इंजिन जोडा. भाषा चालवण्यापेक्षा डॉम (पानातल्या घटकांचं मेमरीतलं झाड) जोडणं अवघड जातं: लेआउटचा हिशेब चालू असताना स्क्रिप्टने तोच नोड (झाडातला घटक) काढून टाकला तर काय, याचं उत्तर तुमच्या मेमरी-व्यवस्थेत आधीपासून असावं लागतं.

लहान संघाला हे जमतं का, हेही तुम्ही विचारलंय. नेटसर्फ हा छोटा ब्राउझर बघा: एचटीएमएल पार्सर हबब, सीएसएससाठी लिबसीएसएस, दोन्ही त्यांनी स्वतः लिहिलेल्या स्वतंत्र लायब्ररी. वाचायला घ्या, कोड स्वच्छ आहे. आणि केडीई या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पाच्या स्वयंसेवकांनी लिहिलेल्या केएचटीएमएल इंजिनापासूनच वेबकिट निघालं, त्यातून 2013मध्ये ब्लिंक.

या आठवड्यात एवढंच करा: एक परिच्छेद, त्यात एक ठळक शब्द, एक दुवा आणि ‘दऱ्या’. विंडो लहान-मोठी केली की ओळी नव्याने मोडल्या पाहिजेत आणि दुव्यावर क्लिक बरोबर लागला पाहिजे, तो दुवा दोन ओळींत तुटला असला तरी. अडलात तर ओळ मोडणारं फंक्शन इथे टाका, मी वाचेन.