वरचा 'सा' मुळातच नसलेली स्वरपद्धती असू शकते का?

तुम्ही विचारलंय की 'सा'च्या दुप्पट कंपनांवर पुन्हा 'सा' येतो हा निसर्गाचा नियम आहे की नुसती सवय, आणि हे न पाळता कुणी वाद्य लावलंय का. लावलंय, आणि नुसतं गंमत म्हणून नाही, चांगलं विचार करून. अशा पद्धती बऱ्याच आहेत, पण मी ज्यात बराच काळ रमलो ती बोलेन-पीअर्स, म्हणून तिच्याबद्दलच सविस्तर लिहितो.

आधी नियम की सवय ते बघू. 240 हर्ट्झचा सा छेडला की तारेतून फक्त 240 येत नाही. 480, 720, 960, 1200 असे उपस्वरही वाजत असतात. तार सा 480चा, त्याचे उपस्वर 960, 1440, 1920. म्हणजे वरच्या सा मधलं सगळं खालच्या सा मध्ये आधीपासूनच आहे. नवीन काहीच ऐकू येत नाही, म्हणून कान म्हणतो, हा तोच. पुरुष आणि बाई एकच अभंग एकत्र म्हणतात तेव्हा बहुधा एका सप्तकाचं अंतर असतं, तरी आपण दोघं 'एकाच सुरात' गातायत असंच म्हणतो.

आता असं वाद्य घ्या ज्यात फक्त विषम उपस्वर ठळक आहेत: 240, 720, 1200, 1680. लग्नाच्या बँडमधली क्लॅरिनेट याच्या बरीच जवळ जाते, निदान खालच्या पट्ट्यात. तिची नळी सरळ आणि तोंडाकडून बंद असते, त्यामुळे मागची चावी दाबली की सूर तार सा वर जात नाही, थेट तिप्पट कंपनांवर, म्हणजे तार पंचमावर उडी घेतो. बासरी जोरात फुंकली की दुप्पट मिळते, क्लॅरिनेटवर तिप्पट. अशा आवाजात 240 आणि 480 यांचा एकही उपस्वर जुळत नाही. उलट 720चे 2160, 3600 हे सगळे 240च्याच यादीत सापडतात. तेव्हा या आवाजापुरता 'तोच सूर' होण्याचा मान तार सा कडून तार पंचमाकडे जायला हवा, निदान कागदावर.

हाइन्त्स बोलेन हा जर्मन मायक्रोवेव्ह इंजिनिअर. हॅम्बुर्गच्या संगीत विद्यालयात शिकणाऱ्या मित्रांच्या मैफिली तो ध्वनिमुद्रित करायचा. सगळं काही दुपटीभोवतीच का फिरतं, असं त्यानं त्यांना विचारलं, समाधान होईना, म्हणून 1970च्या दशकाच्या सुरुवातीला स्वतःच गणित मांडलं. सा-ग-प यांच्या कंपनांचं प्रमाण म्हणजे 4:5:6. त्यानं त्याऐवजी 3:5:7 घेतलं, आणि सा ते तार पंचम या अंतराचे तेरा भाग केले. पुढे नेदरलँड्सचा केस फान प्रोयेन आणि अमेरिकेचा जॉन पीअर्स हेही आपापल्या वाटेनं तिथेच पोचले. ('ट्रान्झिस्टर' हे नाव सुचवणारा तो हाच पीअर्स.) कॅनडातल्या स्टीफन फॉक्स यांनी या सुरांच्या खास क्लॅरिनेटही घडवल्या.

तेरा समान भाग केले तर एक पायरी साधारण 146 सेंटची पडते (सेंट म्हणजे दोन सुरांमधलं अंतर मोजायचं माप). हार्मोनियमच्या शेजारच्या दोन पट्ट्यांत 100 सेंट असतात, म्हणजे पहिलीच पायरी कोमल आणि शुद्ध रिषभाच्या मध्ये लटकते. आपला पंचम यात नाही. शुद्ध गांधार नाही. धैवत मात्र सहाव्या पायरीवर जवळजवळ अचूक मिळतो. आणि आठवी पायरी पडते 1170 सेंटवर, तार सा च्या 30 सेंट खाली. नवा माणूस हमखास अडखळतो तो इथेच, कारण कान तिला उतरलेला षड्ज समजतो आणि वाजवणाऱ्याला बेसूर ठरवून मोकळा होतो.

मोबाइलवर टोन जनरेटर असेल तर हे करून बघा. सॉटूथ तरंग (यात सगळे उपस्वर असतात) निवडून 240 आणि 472 एकदम वाजवा. 240चा दुसरा उपस्वर 480, तो 472शी भांडतो, सेकंदाला आठ लाटा स्पष्ट ऐकू येतात. आता दोन्हीकडे स्क्वेअर तरंग करा. त्यात सम उपस्वरच नसतात, त्यामुळे ते भांडण जवळपास मिटतं. मग स्क्वेअरवरच 240, 400, 560 हे तिन्ही वाजवा. हाच तो 3:5:7. पहिल्यांदा विचित्र वाटेल, पण खरखरीत नाही, घट्ट बसलेला वाटेल. पेटीवर मात्र हे प्रकरण लावायला जाऊ नका, तिच्या पत्तीत सगळेच उपस्वर भरपूर असतात.

माझं स्पष्ट मत विचाराल तर संवादाच्या, म्हणजे सूर एकमेकांशी जुळण्याच्या, बाबतीत सिद्धांत टिकतो. तार पंचम 'तोच सा' वाटण्याच्या बाबतीत नाही, किमान माझ्या कानाला. मला तो पंचमच ऐकू येतो, कितीही क्लॅरिनेट लावा. त्यामुळे निसर्ग की सवय याचं माझं उत्तर: पाया आवाजाच्या घडणीत आहे, वर सवयीचे मजले चढलेत.

अमेरिकन संगीतकार वेंडी कार्लोसनं वेगळी वाट काढली. 1986च्या 'ब्यूटी इन द बीस्ट' या अल्बममध्ये तिनं 78 सेंटची पायरी वापरली. नऊ पायऱ्यांत पंचम, पाचांत शुद्ध गांधार, चारांत कोमल गांधार, सगळे छान लागतात. तार सा तेवढा चुकतो: पंधरा पायऱ्यांवर 1170, सोळावर 1248. कानाला ही बोलेनपेक्षा खूप सोपी जाते, म्हणून ऐकायला सुरुवात इथून करा. शिवाय दुप्पट म्हणजे काटेकोर दुप्पट हे पियानोवरही पाळत नाहीत. तारा ताठ असल्यानं उपस्वर किंचित चढे येतात, मग लावणारा सप्तकही तेवढंच ताणून लावतो. जावा-बालीच्या गॅमेलान या वाद्यवृंदातही सप्तक अनेकदा नेमकं दुप्पट नसतं.

तंबोरा असेल तर जवारी नीट लावून फक्त खर्जाची तार छेडत बसा. स्वयंभू गांधार तुम्हाला माहीत असेलच, तो पाचवा उपस्वर. त्याच्या खाली तिसरा, म्हणजे पंचम. सातवा म्हणजे नेहमीपेक्षा अंमळ उतरलेला कोमल निषाद, तो शोधायला वेळ लागतो. हे तीन एकत्र ऐकू आले की बोलेनचा 3:5:7 कुठल्याही सिंथेसायझरशिवाय तुमच्यासमोर वाजतोय.