वाचकांचे प्रश्न : सूक्ष्म इलेक्ट्रोडवर क्लोरीन कमी का भरतो?

प्रश्न : काचेवर प्लॅटिनमचे, कंगव्याच्या दातांसारखे एकमेकांत गुंफलेले इलेक्ट्रोड केले आहेत. दात 20 मायक्रॉन रुंद, मधली फटही तेवढीच. वरचा प्रवाहमार्ग 10 मिमी लांब, 10 मिमी रुंद, 200 मायक्रॉन उंच. नळाचे पाणी (क्लोराइड लिटरला 40 मिग्रॅ) मिनिटाला 2 मिली सोडून, क्लोराइडपासून क्लोरीन काढण्यासाठी 10 मिलिअॅम्पिअर दिले. हिशेबाने लिटरला 110 मिग्रॅ क्लोरीन यायला हवा. डीपीडी चाचणीत (क्लोरीन असला की गुलाबी रंग देणाऱ्या रसायनाच्या) जेमतेम 5 दिसतो. बाकीचा जातो कुठे?
(एम.एस्सी. विद्यार्थिनी, कोल्हापूर)

उत्तर : फॅरडेचा हिशेब (विद्युतप्रवाहावरून किती पदार्थ तयार होईल ते काढण्याचा) बरोबर आहे, पण तो पाण्यात क्लोराइड आहे किती हे विचारत नाही. 40 मिग्रॅ क्लोराइड सगळेच्या सगळे हायपोक्लोरस आम्लात (पाण्यात क्लोरीन या रूपात असतो) गेले, तरी क्लोरीनच्या मापात 80 मिग्रॅच होतात. म्हणजे 110 येणे शक्यच नव्हते. क्लोराइड अपुरे पडले की उरलेला विद्युतप्रवाह पाण्यातून ऑक्सिजन काढण्यात जातो. लिटरला 1 ग्रॅम शुद्ध सोडियम क्लोराइड घाला (स्वयंपाकाचे आयोडीनयुक्त मीठ नको), म्हणजे क्लोराइड 600 मिग्रॅच्या वर जाईल.

दुसरी गळती फटीतच आहे. फट अरुंद ठेवण्याचा फायदा मोठा. 500 मायक्रोसिमेन्स प्रति सेंमी वाहकतेच्या पाण्यात, समोरासमोरच्या पट्ट्या धरल्या तर, दर चौरस सेंमीला 10 मिलिअॅम्पिअर नेताना 5 मिमी अंतरात 10 व्होल्ट वाया जातात. 20 मायक्रॉनमध्ये 0.04. पण तेच अंतर हायपोक्लोराइट (त्याच आम्लाचे आयन-रूप) विसरणाने, म्हणजे आपोआप पसरत, साधारण 0.2 सेकंदात ओलांडतो आणि कॅथोडवर (ऋण इलेक्ट्रोडवर) पोचला की त्याचे पुन्हा क्लोराइड होते. तुमच्या मार्गात 20 मायक्रोलिटर पाणी मावते, म्हणजे ते 0.6 सेकंद आत राहते, आणि तळालगत तर त्याहून जास्त, कारण तिथे पाणी मंद वाहते. तयार झालेला माल तिथल्या तिथे मोडतो.

म्हणून प्रवाह मिनिटाला 10 मिलीपर्यंत वाढवा. लिटरमागचा आकडा कदाचित घटेल, त्याने बिचकू नका. मिनिटाला किती मिग्रॅ निघतो ते मोजा, खरी कार्यक्षमता त्यातच कळते. पुढच्या मास्कमध्ये (इलेक्ट्रोडची नक्षी उमटवण्याच्या साच्यात) अॅनोडचे (धन इलेक्ट्रोडचे) दात 40 आणि कॅथोडचे 10 मायक्रॉन ठेवा. कॅथोडचे क्षेत्रफळ जितके कमी, तितका हायपोक्लोराइट कमी मोडेल. पुरवठा स्थिर प्रवाहाचा ठेवून व्होल्टेज नोंदवत राहा. ते हळूहळू चढत असेल तर कॅथोडवर कॅल्शिअम कार्बोनेट आणि मॅग्नेशिअम हायड्रॉक्साइडचे कीट धरले आहे. वरखाली उड्या मारत असेल तर हायड्रोजनचे बुडबुडे अडकलेत. चिप उभी करून पाणी खालून वर सोडा. कीट 1 टक्का सायट्रिक आम्लाने निघते, पण आधी साध्या पाण्याने नीट धुवा. क्लोरीन असलेल्या पाण्यात आम्ल पडले तर विषारी क्लोरीन वायू सुटतो.

डीपीडीबद्दलही एक शंका आहे. क्लोरीन जास्त असला की गुलाबी रंग उमटून लगेच विरतो आणि आकडा खोटा कमी येतो. नमुना दहापट पातळ करून पुन्हा मोजा.

प्रश्न : प्लॅटिनमऐवजी क्रोमियमवर सोन्याचा थर चालेल का? आमच्याकडे तोच सहज मिळतो.

उत्तर : नाही. क्लोराइड असताना सोने 1 व्होल्टच्या आसपास विरघळू लागते, क्लोरीनसाठी 1.36 लागतात, म्हणजे क्लोरीन निघण्याआधीच अॅनोड झिजायला लागतो. खालचे क्रोमियम उघडे पडले तर षट्संयुजी क्रोमियम पाण्यात उतरते, आणि ते विषारी आहे. टायटॅनियम 20 नॅनोमीटर, त्यावर प्लॅटिनम 150 नॅनोमीटर घ्या. थर शक्यतो इलेक्ट्रॉन बीमने बाष्पीभवन करून चढवा. स्पटरिंगमध्ये (आयनांच्या माऱ्याने धातू उडवून थर देण्यात) धातू फोटोरेझिस्टच्या (नक्षीसाठीच्या प्रकाशसंवेदी थराच्या) बाजूंवरही बसतो, लिफ्ट-ऑफनंतर (रेझिस्ट विरघळवून नको तो धातू काढल्यावर) कडेला उभे पापुद्रे राहतात आणि एखादा आडवा पडून फट जोडतो. रेझिस्टची कड आत वळलेली हवी. पाणी लावण्याआधी मल्टिमीटरने दोन्ही कंगव्यांमधला रोध कोरडा तपासा. सिलिकॉन वेफर असेल तर वर 1 मायक्रॉन ऑक्साइड हवेच, नाहीतर विद्युतप्रवाह वेफरमधूनच जातो. जोडणीची जागा एसयू-8 ने (प्रकाशाने घट्ट होणाऱ्या इपॉक्सीने) झाका, आणि तारा चांदीच्या इपॉक्सीने चिकटवा; कथलाचे डाग इतका पातळ थर खाऊन टाकतात. स्वतःची क्लीनरूम नसेल तर आयआयटी मुंबईत बाहेरच्या संशोधकांसाठी आयएनयूपी कार्यक्रम आहे, तिकडे चौकशी करा.

प्रश्न : अशा चिपने घरची 500 लिटरची टाकी निर्जंतुक होईल?

उत्तर : लिटरला 2 मिग्रॅ मात्रा धरली तर 1,000 मिग्रॅ क्लोरीन लागेल. 10 मिलिअॅम्पिअरवर काहीच वाया गेले नाही तरी तासाला 13 मिग्रॅ निघतो, म्हणजे तीन दिवसांहून जास्त. टाकीसाठी रुथेनियम ऑक्साइड चढवलेल्या टायटॅनियमच्या पट्ट्यांचा सेल घ्या. चिप थेंबाथेंबाच्या कामाची आहे.