केंद्राचा पैसा गटारीपर्यंत कसा येतो?

प्रश्न : आमच्या साठ हजार वस्तीच्या गावात गटारीचं पाणी थेट नाल्यात जातं. शुद्धीकरण केंद्रासाठी दिल्लीहून पैसा मिळतो का? – एक भगिनी, जळगाव जिल्हा

उत्तर : मिळतो, ताई. 2021 मध्ये सुरू झालेल्या स्वच्छ भारत अभियान (नागरी) 2.0 मध्ये लाखाखालच्या शहरांच्या सांडपाण्याची कामं बसतात. मंजूर खर्चातला केंद्राचा वाटा 50 टक्के, तोही हप्त्यांनी. बाकीचं राज्य आणि पालिकेनं बघायचं.

मला खरी काळजी वाटते ती पुढची. पालिकेत अभियंता असताना पाहिलंय : केंद्राचं वीजबिल थकलं की टाकीत हवा सोडणारे ब्लोअर बंद, हवेविना टाकीतले घाण खाणारे जिवाणू मरतात आणि काळं, उग्र वासाचं पाणी तसंच केळीच्या बागांकडे निघतं. हे बिल पालिकेच्याच तिजोरीतून जातं. तेव्हा नगरसेवकाला आधी वीजबिलाची तरतूद विचारा.