"सारखं काही ना काही सांडतात, मुद्दाम करतात का जी?"

आर्वी भागातल्या एका गावची ताई नवरा आणि सासूला घेऊन समुपदेशनाला आली. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) तिनं एका दमात सांगितलं, "यायले हिशेब तोंडपाठ, पेपर रोज वाचतात, पण चहाचा कप धड खाली ठेवता येत नाही. डवरणीले धाडलं त तासातली पऱ्हाटीच उखडून ठेवतात. मुद्दाम करतात का जी?" (डवरणी म्हणजे पिकाच्या ओळींमधली कोळपणी, पऱ्हाटी म्हणजे कपाशी.)

नवरा एकतीस वर्षांचा, मान खाली घालून बसलेला. लहानपणाचं विचारल्यावर सासू बोलल्या. सायकल आठवीत आली, अक्षर कायम किरटं, खो-खोत त्याला कुणी घेत नसे, नाडीची गाठ दहाव्या वर्षापर्यंत त्याच बांधायच्या.

त्रास लहानपणापासूनचा आहे, वाढलेला नाही आणि दोन्ही हातांना सारखा आहे, तेव्हा डिस्प्रॅक्सियाचा विचार करावा लागतो. यात बुद्धी शाबूत असते, स्नायूंत ताकद असते. हालचालींचा क्रम आखणं आणि तो वेळेवर हातापायांपर्यंत पोचवणं मेंदूला जड जातं. मुलांमध्ये प्रमाण साधारण ५ ते ६ टक्के आहे, आणि अनेकांना ते मोठेपणीही सोडत नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातही विशिष्ट अध्ययन अक्षमतेखाली त्याचं नाव आहे. याउलट धडपडणं अलीकडेच सुरू झालं, एकाच बाजूला आहे, हात थरथरतो किंवा जीभ जड पडते, तर समुपदेशन नंतर, आधी मेंदूविकारतज्ज्ञ.

समुपदेशकानं निदान करू नये. म्हणून त्याला नागपूरच्या शासकीय मेडिकल कॉलेजात ऑक्युपेशनल थेरपी (रोजची कामं जमावीत म्हणून दिले जाणारे उपचार) विभागात पाठवलं. यावर गोळी नाही, टॉनिकही नाही.

घरात सगळ्यात आधी बदलली ती फवारणी. १५ लिटरच्या पंपात पाणी, मग मोजून औषध, मग ढवळणं. मध्येच कुणी हाक मारली की या पंपात औषध पडलं की नाही हेच त्याला आठवत नसे, आणि बारीक तोंडाच्या बाटलीतून ओतताना ते हातावर सांडे. विषाशी असला खेळ नको. मोजणं, ओतणं, मारणं सगळं भावाकडे गेलं, तेही हातमोजे घालून. बदल्यात पीकविम्याचे कागद, ई-पीक पाहणी, मजुरांचा हिशेब याच्याकडे आला. भाऊ खूश झाला, कारण त्याला कागदांचा भारी कंटाळा.

मोटारसायकलचा हट्ट सोडायला लावला. क्लच, गिअर, ब्रेक, समोरचा रस्ता हे सगळं एकाच वेळी सांभाळणं हीच नेमकी अडचण. बिनगिअरची स्कूटर घेतली. फक्त बिनगिअरच्या गाडीचा वेगळा परवानाही काढता येतो. मोकळ्या मैदानात आधी इंजिन बंद ठेवून ढकलणं आणि दोन्ही ब्रेक दाबून थांबणं, मग सरळ रेषेत सावकाश, मग रुंद वळण. सकाळी वीस मिनिटं, त्यापुढे नाही. प्रत्येक पायरी तोंडानं मोठ्यानं म्हणायची: "आरसा, सिग्नल, हळू, वळ." एक पायरी अंगवळणी पडल्याशिवाय दुसरी नाही. घाईत शंभरदा तेच घोकून चुकीची हालचालच पक्की होते. शिवाय एक काम जमलं म्हणून त्यासारखं दुसरं आपोआप जमत नाही, ते वेगळं शिकावं लागतं. घरचे इथंच चिडतात: "काल त जमलं होतं!"

डवरणी सोडली. चहा अर्धा कप, जड बुडाच्या मगात. नाडीऐवजी इलास्टिक. ताईला एकच पथ्य सांगितलं: काम हातात असताना बोलायचं नाही, आणि सांगायचं तर एका वेळी एकच. संध्याकाळी सांडणं वाढतं, कारण आपण न बघता करतो ती हालचाल त्याला दिवसभर लक्ष देऊन करावी लागते. थकवा खरा असतो, त्याला आळस म्हणू नये.

निघता निघता सासूनं विचारलं, "नातवाले बी होईन का?" काही घराण्यांत हे चालत येतं, पण नातू चारच वर्षांचा आहे. पाच वर्षांच्या आधी सहसा निदान करत नाहीत. तोवर शर्टाची बटणं त्याची त्यालाच लावू द्यावीत, चेंडू झेलायला द्यावा. पहिलीत गेल्यावरही पेन्सिल धरणं, जेवणं, कपडे घालणं बरोबरीच्या पोरांपेक्षा खूपच मागे दिसलं, तर थेरपिस्टला दाखवावं.